आठवी

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आठ पिल्लं आणली
बुटांच्या खोक्याला आठ भोकं पाडून,
प्रत्येकीला आपापली खिडकी.
फेरीबोटीवर नवा पोरगा हसला :
"काका, हे प्रवासी की सामान?"
बत्तीस वर्षं मी त्याच फळीवर दोर धरून उभा होतो,
हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता.

खुराडं केलं ते इझिल्डाच्या मेलेल्या फ्रिजचं.
दाराच्या जागी जाळी ठोकली,
खण तसेच राहू दिले.
जिथे तिचं लोणी असायचं तिथे
पांढरी अंडं घालते, रोज, न चुकता.
शशिकला म्हणते, हिला वाटतं आत अजून गार आहे.

शशिकला सोमवारी अंड्याला शिवत नाही,
म्हणून सोमवारची अंडी कुंपणापलीकडे जातात
आणि गुरुवारी नारळ-रव्याचा केक होऊन परत येतात.
गुरुवारही आमचा पाळायचाच.
केक शुक्रवारपर्यंत डब्यात
वासासकट आमची वाट बघतो.

कणी, भाताचा कोंडा,
पोदेराकडचे शिळे उंडे भिजवून,
बांगड्याची डोकी, कधी मूठभर गालमो.
मुलगा कतारहून विचारतो,
बाबा, एक अंडं कितीला पडतं?
हिशोब मी केला होता.
त्याला सांगितला नाही.

नवरात्रात मुंगसाने एक नेली.
पिसं पडली होती खारफुटीकडे जाताना,
एक इथे, एक तिथे,
मग बांधावर बरीच.
इझिल्डाने काही न बोलता
आपल्यातली एक आणून सोडली,
उघड्या मानेची, लालभडक, जून.
आमच्या सातजणींनी तिला आठवडाभर टोचलं.
ती अजून अंगणात पाहुण्यासारखी वावरते
आणि घराची वेळ तिला ठाऊक नाही.

तिन्हीसांजेला मी फाटकाशी उभा राहतो.
"पुढे घ्या, पुढे घ्या, मागच्याला जागा द्या",
तोंडातून आपोआप निघतं.
गाड्या मोजायचो तशी बोटं हलतात.
पाच. सहा. सात.

एकदा, शेवटच्या फेरीला,
जेटीच्या उतारावरून एक माणूस धावत येत होता,
हातात व्हायोलिनची पेटी,
दुसऱ्या हाताने टोपी धरलेली.
मला दिसला होता.
वर कप्तानाने घंटा दिली
आणि मी फळी वर घेतली.
पाणी वाढत गेलं आमच्यामध्ये,
आधी हातभर, मग नदीएवढं.
त्याने हाकही मारली नाही.

सकाळी पहिल्या फेरीला तो चढला,
कपाळावर डासांच्या गाठी, पेटी छातीशी,
आणि मला म्हणाला, "देव बरो दीस दिंव."
शिवी दिली असती
तर एव्हाना विसरलो असतो.

खुराड्याचं दार आता मी धरून बसतो.
डास चावतात.
आतून हाक येते, भात निवतोय.
दांडीवर सातजणी सरकून सरकून बसल्या,
त्यांचं भांडून झालं,
आणि ती अजून चिंचेखाली
वाळवी उकरतेय,
एक पाय उचलते, कशासाठी ते विसरते,
पुन्हा तिथेच ठेवते.

ये गो, म्हणतो मी.
पलीकडे रायबंदरच्या बाजूला बोट भोंगा देते.
ती मान वळवून एका डोळ्याने माझ्याकडे बघते,
कालच नोकरीला लागलेल्या खलाशाकडे बघावं तशी,
आणि दोन पावलं
उलट दिशेला जाते.